पोटापाण्याची स्कूटर

स्कूटर ही पायांपुढे मोकळी जागा ठेवून बांधलेली दुचाकी आहे. मोटरसायकलवर टांग टाकून मांड ठोकावी लागते, तर स्कूटरवर खुर्चीत बसावे तसे बसता येते. पाय सपाट फुटबोर्डवर राहतात, इंजिन सीटखाली झाकलेले असते आणि चाके लहान असतात. स्कूटरचे बहुतेक गुण आणि बहुतेक धोके या तीन गोष्टींतून निघतात. फुटबोर्डमुळे साडी किंवा धोतर नेसलेल्या माणसालाही ती चालवता येते आणि पायांपाशी सामान ठेवता येते. इंजिन झाकलेले असल्यामुळे कपड्यांना तेल-वंगण लागत नाही. लहान चाकांमुळे गाडी गल्लीबोळात झटकन वळते, पण तीच चाके खड्ड्यात खोल उतरतात. ज्याचे पोट स्कूटरवर अवलंबून आहे, त्याचा दिवस या रचनेने आखून दिलेला असतो. रचनेने जे उघडे ठेवले आहे, ते त्याला सवयीने आणि साधनांनी झाकावे लागते.

घडण आणि घराणे

आजच्या स्कूटरचे मूळ इटलीतल्या पिआज्जिओ कंपनीच्या व्हेस्पात आहे. ती १९४६ मध्ये आली. तिचा रचनाकार कोर्रादिनो द'आस्कानिओ हा विमानांचा अभियंता होता. विमानाच्या चाकाप्रमाणे त्याने पुढचे चाक एकाच बाजूच्या दांडीवर बसवले, त्यामुळे पंक्चर झालेले चाक चटकन उतरवता येई. पत्र्याचे कवचच सांगाड्याचे काम करत असल्याने वेगळ्या नळ्यांच्या चौकटीची गरज उरली नाही.

महाराष्ट्राशी या घराण्याचे नाते पुण्यामुळे जुळले. बजाज ऑटोने १९६० पासून पिआज्जिओच्या सहकार्याने भारतात स्कूटर बनवल्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. बजाजचा पुण्याजवळचा आकुर्डीचा कारखाना आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेले सुट्या भागांचे छोटे कारखाने यांवर पिंपरी-चिंचवडमधली हजारो घरे उभी राहिली. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीत 'प्रिया' बनत असे. परवान्यांच्या त्या काळात उत्पादन कमी आणि मागणी प्रचंड असल्याने स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे थांबावे लागे. स्कूटर घरात आली की ती नोकरीची, बाजारहाटाची, दवाखान्याची आणि सणासुदीला गावी जाण्याची गाडी होई. म्हणून तिची निगा घरातल्या माणसाइतक्याच काळजीने राखली जाई.

त्या गाड्यांनी चालकांची एक पिढी घडवली. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत ॲक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. नंतरच्या गाड्यांना दोन टक्के, म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर पुरे. तेल जास्त झाले की प्लग काळा पडे आणि कमी झाले की पिस्टन जाम होई. म्हणून प्लगपाना, पॉलिश पेपर, जादा प्लग, क्लचची आणि गिअरची वायर हे सामान डिकीत कायम असे. गाडी चालू झाली नाही की ती एका अंगावर कलती करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची, हे पुण्या-साताऱ्यात प्रत्येक वाड्यासमोर दिसणारे दृश्य होते. इंजिन उजव्या बाजूला असल्याने गाडीचा तोल मुळातच थोडा एकीकडे असे आणि तो सावरण्याची सवय अंगात मुरत असे. मागे लावलेली स्टेपनी ही या गाड्यांची मोठी सोय होती. पाच नट सोडवून चाक बदलले की माणूस वेळेवर कामाला पोहोचत असे.

गिअरपासून बेल्टपर्यंत

१९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या कायनेटिक होंडाने बटणावर चालू होणारी, गिअर नसलेली स्कूटर दिली. २००१ च्या सुमारास होंडाची ॲक्टिव्हा आली आणि फोर-स्ट्रोक इंजिनाची गिअरलेस स्कूटर सर्वसामान्य झाली. या गाड्यांत दातेरी गिअरांऐवजी एक रबरी बेल्ट दोन पुलींवर फिरतो. पुढच्या पुलीत लहान रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकतात, पुलीवरचा बेल्टचा घेर बदलतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरमध्ये गेल्यासारखी पळते. इंजिन मंद फिरत असताना मागचा क्लच सुटलेला असतो, म्हणून सिग्नलला गाडी बंद न पडता उभी राहते.

या एका बदलाने स्कूटरवरच्या कामाचे रूप पालटले. डावा हात मोकळा झाला, थांबत-चालत जाणारी वाहतूक सुसह्य झाली आणि फार मोठ्या संख्येने स्त्रिया कामासाठी स्कूटर वापरू लागल्या. पुण्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास कर्वे रस्त्यावर किंवा सिंहगड रस्त्यावर उभे राहिले, तर स्कूटरवर कोणकोण पोट भरते ते कळते. दुकानादुकानांतून रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट, विम्याचे हप्ते आणि पोस्टाच्या आवर्ती ठेवी घेणाऱ्या महिला एजंट, डॉक्टरांच्या भेटी घेणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, डबे पोहोचवणाऱ्या बाई, हत्यारांची पिशवी पायांपाशी ठेवलेला प्लंबर, कुरिअरवाला, घरपोच जेवण देणारा तरुण. गणेश चतुर्थीच्या सकाळी यांच्यात गुरुजीही असतात. एका घरची प्रतिष्ठापना आटोपून पुढच्या घरी वेळेत पोहोचायचे, तर स्कूटरइतके सोयीचे वाहन नाही.

या सगळ्यांचे काम एकाच स्वरूपाचे आहे. अंतर थोडे, थांबे अनेक. गाडी दिवसातून कित्येकदा बंद-चालू होते, स्टँडवर लागते, डिकी उघडते, हेल्मेट काढले-घातले जाते. लांब पल्ल्याच्या प्रवासात जे जाणवत नाही, ते या कामात जाणवते. डिकीचे कुलूप अडकत असेल, साइड स्टँडची स्प्रिंग सैल असेल किंवा हेल्मेटचा पट्टा लावायला वेळ लागत असेल, तर दिवसभरात चालकाची चिडचिड होते. आणि चिडलेला चालक पुढच्या चौकात घाई करतो.

सकाळची पाच मिनिटे

अनुभवी चालकाचा दिवस गाडीभोवती एक फेरी मारून सुरू होतो. पहिली नजर टायरवर. अनेक ११० सीसी स्कूटरना पुढे साधारण २२ आणि मागे २९ पीएसआय हवा लागते, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात ३६. लहान टायरमध्ये मुळात हवाच कमी मावते, म्हणून ती थोडी उतरली तरी फरक पडतो. गाडी जड लागते, वळणावर मागचे चाक डोलते आणि पेट्रोल जास्त जाते. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासणे पुरते.

मग दोन्ही ब्रेकच्या लिव्हर दाबून पाहायच्या. लिव्हर मुठीला टेकत असेल, तर ब्रेक कसून घेण्याची वेळ झाली आहे. मागचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा भिंतीवरच्या उजेडात तपासता येतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू राहतो. पण मागचा बंद पडला, तर चालकाला तो स्वतःहून कळत नाही आणि मागून येणाऱ्याला गाडी दिसत नाही. शेवटी आरसे. आरशात स्वतःची कोपरे दिसत असतील, तर आरसा चुकीचा लावला आहे. गर्दीत अडकतात म्हणून आरसे काढून टाकण्याची किंवा आत वळवून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. पण दिवसभर बस, रिक्षा आणि डंपर यांच्यामधून वाट काढणाऱ्याने आरसा सोडणे म्हणजे आपली अर्धी नजर घरी ठेवून निघणे होय.

सामान कुठे आणि कसे

स्कूटरवर सामानाला तीन जागा आहेत. सीटखालची डिकी, फुटबोर्ड आणि पुढचा हुक. डिकीत कागदपत्रे, रेनकोट आणि जेवणाचा डबा राहतो. मात्र डिकीच्या खाली इंजिन आहे, ही गोष्ट कामाच्या माणसाला लवकर ध्यानात घ्यावी लागते. पेट्रोल गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत चांगली ऊब साठते. पोळीभाजीला ती चालते, पण दही आंबते, चॉकलेट वितळते आणि औषधे बिघडतात. इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधे नेणारा प्रतिनिधी ती डिकीत टाकत नाही, बर्फाच्या पाकिटासह वेगळ्या पिशवीत नेतो. मोबाइल आणि पॉवर बँकही डिकीत ठेवू नये.

फुटबोर्डवरचे सामान ही स्कूटरची खरी ताकद आहे. ओझे खाली आणि दोन चाकांच्या मध्ये राहते, त्यामुळे तोल फारसा ढळत नाही. पण ते पायांच्या आड येता कामा नये. थांबताना दोन्ही पाय सरळ जमिनीवर टेकले पाहिजेत. पाय बाहेर काढून, गुडघे फाकवून चालवलेली गाडी बाजूच्या वाहनाला घासते. हँडल पूर्ण वळवून सामान कुठे अडत नाही ना, हे निघण्याआधी पाहावे. गोल वस्तू तर बांधल्याशिवाय ठेवूच नये. स्वयंपाकाचा भरलेला गॅस सिलिंडर, ज्यात १४.२ किलो गॅस असतो, फुटबोर्डवर आडवा टाकून पायांनी दाबून नेणारे अजूनही दिसतात. वळणावर तो सरकला तर पायही अडकतो आणि हँडलही. हुकावर हलकी पिशवी लावावी. जड पिशवी लावली की ती झोके घेते आणि हँडल ओढते.

पाठीवरची पिशवी सोयीची वाटते, पण दिवसभराचे ओझे खांद्यांवर आणि कमरेवर येते. ती सीटवर टेकेल इतकी खाली सोडली, तर भार गाडी वाहते. मागच्या सीटवर खोके ठेवायचे असेल, तर ते दोन बाजूंनी हुकाच्या रबरी दोरीने बांधावे आणि दोरीची टोके चाकापासून दूर असल्याची खात्री करावी. सुटलेली दोरी, सैल ओढणी किंवा पदर चाकात गेला की गाडी क्षणात फेकली जाते. म्हणूनच केंद्रीय मोटर वाहन नियमांनी मागच्या चाकाला कपडे अडकू न देणारे संरक्षण, मागे बसणाऱ्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा बंधनकारक केली आहे. साडी गार्ड दिसायला बोजड वाटतो म्हणून काढून ठेवणे शहाणपणाचे नाही.

लहान चाक आणि रस्ता

मोटरसायकलचे चाक साधारण १७-१८ इंचांचे असते, स्कूटरचे १० किंवा १२ इंचांचे. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निभावून जाते, त्यात लहान चाक उतरते आणि हँडल हिसकले जाते. म्हणून स्कूटरवाल्याची नजर मोटरसायकलवाल्यापेक्षा रस्त्यावर जास्त खिळलेली असते. अचानक खड्डा समोर आला आणि चुकवता येत नसेल, तर आधी ब्रेक लावून वेग उतरवावा आणि चाक खड्ड्यात जाताना ब्रेक सोडावा. ब्रेक दाबलेला असताना पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर आधीच दबलेले असतात, त्यामुळे गचका सरळ मनगटात आणि मणक्यात जातो.

ब्रेकविषयी एक जुना गैरसमज आहे की पुढचा ब्रेक लावला की माणूस फेकला जातो. प्रत्यक्षात थांबताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि पुढच्या चाकाची पकड वाढते, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा ब्रेक दाबला तर मागचे चाक घासत जाते. दोन्ही एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत, ही योग्य रीत आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेक किंवा एबीएस सक्तीचे आहे. जोड-ब्रेकमध्ये डावी लिव्हर दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तरीही उजव्या हाताची सवय सोडू नये.

घाट उतरताना गिअरलेस गाडीची मर्यादा कळते. गिअरच्या गाडीत खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वेग आवरता येतो. बेल्टच्या गाडीत तो आवर कमी मिळतो आणि वेग फार उतरला की क्लच सुटतो. दिवे घाटात किंवा कात्रजच्या जुन्या घाटात सलग ब्रेक दाबून उतरले तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. वेग मुळातच कमी ठेवावा, ब्रेक दाबून-सोडून लावावा. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणे तर टाळावेच. मुंबईला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यांची वाट जुन्या महामार्गाने जाते.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीकडे जातो. सिग्नलला उभ्या असलेल्या चालकाला वरून ऊन, खालून डांबराची धग आणि शेजारच्या बसचा धूर एकदमच लागतो. चेहऱ्याला गुंडाळलेला सुती स्कार्फ, कोपराच्या वरपर्यंतचे हातमोजे, अंगावर पांढरा सनकोट आणि डोळ्यांना गॉगल हा पुण्यातल्या स्कूटर चालवणाऱ्या स्त्रियांचा पेहराव याच उन्हाने आणि धुळीने घडवला आहे. त्यामागे नटण्याची हौस नाही, कामाची गरज आहे. पुरुषांनीही तो निःसंकोच उचलावा. स्कार्फ मात्र हेल्मेटच्या आत सपाट बसला पाहिजे. गाठ मागे आली की हेल्मेट सैल बसते.

उन्हाळ्यात झाडाखालची जागा चालकाला हवीशी वाटते आणि रस्त्यावर धोकाही तिथेच असतो. मोठ्या पर्जन्यवृक्षांच्या चिकट शेंगा वाहनांखाली चिरडल्या जातात. त्यांवर वळवाच्या सरी पडल्या की रस्ता साबण लावल्यागत निसरडा होतो. गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडाही तसाच. पहिल्या पावसात रस्त्यावर महिनोन् महिने साचलेले तेल वर येते. पहिला अर्धा-पाऊण तास म्हणून सर्वांत धोक्याचा. पुढे पावसाळाभर चेंबरची लोखंडी झाकणे, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, बांधकामाच्या ठिकाणच्या पोलादी प्लेटा आणि गुळगुळीत पेव्हर ब्लॉक यांवरून जाताना गाडी सरळ ठेवावी. तिथे ना ब्रेक, ना वळण.

रेनकोट दोन भागांचा, जाकीट आणि पँट असा घ्यावा. अंगावर सैल टाकायचा पोंचो वाऱ्याने फुगतो आणि चाकाकडे जातो. फिकट किंवा पिवळ्या रंगाचा, मागे उजेड परतवणाऱ्या पट्ट्या असलेला रेनकोट काळ्यापेक्षा कितीतरी चांगला, कारण पावसात ट्रकचालकाला काळ्या रेनकोटातला माणूस काळ्या रस्त्यावर दिसत नाही. पायांत पट्ट्याची चप्पल किंवा बूट असावेत. साधी स्लिपर पाय टेकताना निसटते. पावती पुस्तक, रोकड आणि मोबाइलला झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या लागतात. पिग्मी एजंटच्या मशीनमध्ये पाणी गेले, तर त्या दिवसाचा हिशेबच अडतो.

पाणी साचलेल्या रस्त्यात शिरण्याआधी समोरच्या गाडीचे चाक किती बुडते ते पाहावे. पाणी बेल्टच्या घरात शिरले तर बेल्ट घसरतो आणि गाडी ओढत नाही. पाण्यातच इंजिन बंद पडले, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि मेकॅनिकला दाखवावी. पाण्यातून निघाल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून ते कोरडे करून घ्यावेत.

हेल्मेट

स्कूटरवाल्याच्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू हेल्मेट आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही ते सक्तीचे आहे. शहरात वेग कमी असतो, दोन चौकांपलीकडे तर जायचे आहे, असे म्हणून ते हुकाला लटकवून नेणारे सगळीकडे दिसतात. पण कमी वेगात तोल जाऊन पडलेल्या माणसाचे डोकेही आपल्या उंचीवरूनच जमिनीवर आपटते. डोक्याला गंभीर इजा व्हायला एवढे पुरते.

हेल्मेट कसे काम करते हे कळले की ते कसे निवडावे हेही कळते. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते. आतला थर्मोकोलसारखा थर दबून चिरडतो आणि आघाताची शक्ती शोषून घेतो. तो थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून अखंड दिसले तरी टाकून द्यावे. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहून घ्यावे. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या टोपीवजा कवचात तो शोषणारा थर नावालाच असतो. माप असे असावे की डोके हलवले तर हेल्मेट डोक्यासह हलेल आणि गालांना हलका दाब जाणवेल. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट अर्ध्या हेल्मेटपेक्षा जास्त राखते. पट्टा लावला नाही तर ते डोक्यावरून उडून जाते आणि असूनही नसल्यासारखे होते. काच पारदर्शक असावी, कारण गडद काच रात्री घातक ठरते. आतले अस्तर धुता येईल असे घेतले, तर घामाच्या वासाचे कारण उरत नाही.

मुलांबाबत नियम स्पष्ट आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा-पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. फुटबोर्डवर मुलाला उभे करून शाळेत सोडणे हा फार जुना रिवाज आहे आणि तो आता सोडला पाहिजे. जोराचा ब्रेक लागला की मुलाचे तोंड आधी हँडलवर आदळते.

चालकाचे शरीर

स्कूटरवर कमरेतून ताठ बसल्यामुळे खड्ड्याचा गचका थेट मणक्यात जातो. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांना कंबर, मान आणि उजव्या मनगटाची दुखणी जडतात. सीटच्या पुढच्या टोकावर न बसता थोडे मागे बसणे, मूठ घट्ट न आवळणे, दोन थांब्यांमध्ये उतरून चार पावले चालणे आणि झिजलेले शॉक-ॲब्सॉर्बर वेळेत बदलणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

स्त्रियांना एक वेगळा जाच सोसावा लागतो. फिरतीच्या कामात स्वच्छ स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नसते, म्हणून अनेकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भर उन्हात हे शरीरावर फार मोठे ओझे असते. मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो, डोके दुखते, चक्कर येते, आणि चक्कर आलेली चालक रस्त्यावर सुरक्षित नसते. शहराने आपल्या रस्त्यांवर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी पुरेशी आणि स्वच्छ स्वच्छतागृहे उभारणे हा रस्ता-सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

गॅरेज, कागद आणि पार्किंग

कामाच्या स्कूटरची निगा किलोमीटरवर चालते, महिन्यांवर नाही. फोर-स्ट्रोक गाडीत पाऊण लिटरच्या आसपास तेल असते. थांबत-चालत फिरणाऱ्या गाडीत ते लवकर काळे पडते, त्यामुळे बदलण्यात चालढकल करू नये. मागच्या चाकाजवळच्या गिअर-पेटीतले तेल वेगळे असते आणि बहुतेकांच्या विस्मरणात जाते. बेल्ट बहुतेक गाड्यांत वीस ते चोवीस हजार किलोमीटरच्या सुमारास बदलावा लागतो. तुटण्याआधी तो कधी कधी घसरून, थरथरून सूचना देतो, कधी काहीच सांगत नाही. तुटला की गाडी जागेवरच उभी राहते आणि त्या दिवसाची कमाई बुडते. बेल्टसोबत रोलर, वेळच्या वेळी हवेची जाळी आणि ब्रेक-शू बदलणारा माणूस वर्षाअखेरीस कमीच खर्च करतो. खात्रीचा मेकॅनिक हे चालकाचे भांडवल आहे. काढलेला जुना भाग हातात देऊन कारण समजावणाऱ्या मेकॅनिकला धरून राहावे.

नव्या स्कूटरना स्टेपनी नसते. ट्यूबलेस टायर असेल तर खिळा लागल्यावर हवा हळू जाते आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते. खिळा स्वतः उपटू नये. दुरुस्तीच्या दुकानापर्यंत तोच भोक बुजवून धरतो.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी ही चार कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवलेली चालतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाचा पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो. पण तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी आहे. स्वतःच्या उपचारासाठी आणि कमाईसाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा पाहावा. घरात कमावते एकच माणूस असेल, तर हा विमा टाळण्यासारखा खर्च नाही.

पुण्यात पार्किंग हाही कामाचा भाग आहे. पी-१ पाटीच्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ पाटीच्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची. लक्ष्मी रस्त्यावर आणि पेठांत फिरणारा चालक सकाळी तारीख पाहूनच दिवसाचा मार्ग ठरवतो. उचलून नेलेली गाडी सोडवण्यात दंडाबरोबर अर्धा दिवसही जातो.

विजेची स्कूटर

जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक पुन्हा आणली, ती विजेवर चालणारी. रोज ठरावीक भागात फिरणाऱ्या चालकाला ही जात सोयीची आहे. घरच्या सॉकेटवर रात्री चार्ज होते, तेल आणि पेट्रोलच्या गाडीतला बेल्ट यांचा खर्च वाचतो, सिग्नलला धूर नाही आणि डिकीखाली पेट्रोल इंजिनाची धग नाही. पण सोसायटीत पार्किंगजवळ सॉकेट नसेल तर ती चालत नाही, आणि आवाज जवळजवळ नसल्याने पादचाऱ्याला तिची चाहूल लागत नाही. गल्लीबोळात म्हणून वेग अधिकच कमी ठेवावा लागतो. लहान चाके, उघडे शरीर आणि ताठ बैठक मात्र तीच राहते. त्यामुळे हवा, ब्रेक, आरसे, सामान आणि हेल्मेट यांविषयी वर सांगितलेले सारे तिलाही तसेच लागू आहे.

स्कूटर स्वस्त, हलकी आणि कुणालाही शिकता येण्याजोगी आहे, म्हणून असंख्य घरांची चूल तिच्यावर पेटते. तिच्यावर काम करणाऱ्याने गाडीच्या हप्त्याइतकेच महत्त्व चांगल्या हेल्मेटला, रेनकोटला आणि टायरला द्यावे. जे मालक माणसाला गाडी घेऊन फिरतीवर पाठवतात, त्यांनी ही साधने पगाराव्यतिरिक्त द्यावीत आणि पोहोचण्याची वेळ रस्ता पाहून ठरवावी. दुकानदाराचा हप्ता, डॉक्टरची भेट किंवा गरम डबा दहा मिनिटे उशिरा पोहोचला तरी काम होते. माणूस मात्र घरी पोहोचलाच पाहिजे.